पडण्याची रीत

"नाटक करता ती," बाबा म्हणाले, आणि डॉक्टरबाईंच्या खोलीतला पंखा आपला फिरतच राहिला. विनोदिनीला पहिल्यांदा त्या पंख्याचाच राग आला. एवढं मोठं वाक्य बोलून झाल्यावर खोलीतली एखादी तरी वस्तू थांबायला हवी होती, निदान भिंतीवरचं कॅलेंडर तरी गळून पडायला हवं होतं. पण म्हापशाचा शुक्रवार खिडकीबाहेर नेहमीसारखाच चालला होता. सुक्या मासळीचा वास गजांतून आत येत होता, कुणी बाई मिरच्यांवरून कुणाशी तरी हमरीतुमरीवर आली होती, आणि बाबा खुर्चीच्या अगदी कडेवर, आत्ता उठायचंय अशा बेताने बसून, उजव्या अंगठ्याच्या नखात राहिलेला लाल रंग डाव्या नखाने उकरत होते. डॉक्टर ब्रागांझांनी तसं काही अवघड विचारलंच नव्हतं. "सगुणबाब, ती कशी पडटा, म्हाका सांगात मगो," एवढंच. आलेल्या माणसाला आधी पाणी द्यावं तसा तो प्रश्न होता. खरी गोष्ट त्यानंतर यायची होती आणि ती विनोदिनीने सांगायची होती. पेडण्याहून येताना बसमध्ये तिने ती मनातल्या मनात दहा वेळा म्हणून पाहिली होती. कुठे थांबायचं, कुठे आवाज खाली घ्यायचा, श्वास कुठे, सगळं ठरवून. तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेत पहिली आलेली मुलगी होती ती, तीन वाक्यांसाठी अडणार होती थोडीच! आणि टेबलावर तो कागद होता. बारा शुक्रवार उपचार, खाली पालकाची सही. तो सही होऊन शाळेत गेला की हेडमास्तर तिला वर्गात बसू देणार होते, तोवर नाही. "बाकीच्या मुली घाबरतात, बाय. तू पडतेस आणि मग त्या दिवशी शिकवणं होत नाही," असं ते म्हणाले होते, अगदी प्रेमाने, तिचं दप्तर स्वतःच्या हाताने तिच्या खांद्याला अडकवत. पूर्वपरीक्षा फेब्रुवारीत. आणि जानेवारीचा हा चौथा शुक्रवार.

नाटक हा शब्द तिला नवा नव्हता. यशवंतकाकांनी वापरला होता, वाड्यावरच्या बायकांनी कुजबुजत वापरला होता, शाळेच्या शिपायाने तर तिला उचलताना वापरला होता, आणि ती सगळं ऐकत होती, कारण झटक्यात तिचे डोळे मिटत, हातपाय आपल्या मर्जीने नाचत, पण कान मात्र कुठे जात नसत. कान तिथेच बसून राहत आणि सगळ्यांची बडबड गोळा करत. त्या सगळ्यांचं बोलणं ती झटकून टाकू शकली असती. त्यांना काय कळतं? पण बाबांचं तसं नव्हतं. या तालुक्यात पडण्याबद्दल बोलायचा हक्क कुणाला असेल तर तो सगुणबाबांना. बावीस वर्षं दशावतारात स्त्रीपार्ट करत होते ते. नऊवारी नेसून, मुलगा रणात पडल्याची बातमी ऐकून ते जे कोसळत, ते पाहून पुढच्या चटईवरच्या म्हाताऱ्या पदर डोळ्यांना लावत. आणि विनोदिनी सहा वर्षांची असताना त्यांनी तिला ते शिकवलं होतं. मागच्या खळ्यात गवताचे भारे पसरून, त्यावर आईची फाटकी चादर टाकून. "आधी गुडघो. मगे कंबर. मगे खांदो. आणि हनवटी छातीक लाव गे, माते! तकली सगळ्यांत मागीर." डोकं टेकायचं ते सगळ्यात शेवटी. ती धपाधप पडायची, खिदळायची, पुन्हा उठायची, आई स्वयंपाकघरातून ओरडायची की चेडवाचे हात मोडतले, आणि बाबा म्हणायचे, "शिकलेलो मनीस मोडना." मग एकदा तिने विचारलं होतं, खरंखुरं चक्कर येऊन पडणारा कसा पडतो? बाबांनी बराच विचार केला. विडी विझवली. म्हणाले, "तो हनवटी वर करता. ताका तकलेची याद उरना. नाटकातलो मनीस कितलोय बरो पडूं, तकली सांभाळता." हे वाक्य नऊ वर्षं तिच्या डोक्यात होतं, आणि त्याच डोक्याच्या मागच्या बाजूला, केसांच्या आत, आता तीन टाके होते. ती सरळ मागे पडत होती. प्रत्येक वेळी. हनवटी वर करून.

आणि हे बाबांनी पाहिलं होतं. एकदा नव्हे, अकरा वेळा. सत्तावीसपैकी अकरा झटके घरात आले होते आणि ते घरात होते. आकडे ती ठेवत होती, कारण ठेवायला दुसरं काही उरलं नव्हतं. सुरुवात डाव्या करंगळीत मुंग्या येण्यापासून व्हायची, मग तो हात आपला नसल्यासारखा वाटायचा, बसमध्ये शेजारच्या बाईचा हात चुकून आपल्या मांडीवर यावा तसा. मग छातीत कुणीतरी दार ओढून घ्यायचं. नोव्हेंबरात, पहिल्या आठवड्यातच सगळे ठाम झाले होते की हे फेपरं आहे. कुणी लोखंडाची किल्ली तिच्या मुठीत कोंबली, कुणी कांदा फोडून नाकाशी धरला. सबंध शाळाभर तिच्या ओढणीला कांद्याचा वास. देवळात मूर्तीला पाकळ्या लावून प्रसाद, म्हणजे कौल, घेतला, देवाने उजवी पाकळी सोडली, सगळे खूश झाले आणि तिसऱ्या दिवशी ती चुलीपाशी पडली. मग गोळ्या, त्यांनी नुसती झोप यायची. मग ते मोठं इस्पितळ, डोक्याला चिकटवलेल्या वीसेक तारा, भिंतीवर एक कॅमेरा आणि दोन दिवस त्या कॅमेऱ्यासमोर नुसतं असणं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी झटका आला, तेव्हा ती, खरं सांगायचं तर, मनात म्हणाली होती: आला बाबा एकदाचा! पेपर सोपा गेल्यासारखं वाटलं होतं तिला. निकालही तसाच लागला. रिपोर्ट एकदम क्लीन. मेंदूचा करंट उत्तम. फेपरं नाही.

तारा काढल्यावर तो डिंक चार दिवस केसांत राहिला होता आणि आई खोबरेल लावून एकेक बट सोडवत बसली होती, गुणगुणत. आईने कितीतरी दिवसांनी गुणगुणलं. इस्पितळातल्या तरुण डॉक्टरने त्यांना पुढचंही सांगितलं होतं, की झटका खरा आहे, मुलगी मुद्दाम करत नाही, मनात काही अडकलं की काही जणांचं शरीर असं बोलतं, म्हापशाला अमुक डॉक्टरांकडे जा, बोलून बोलून हे बरं होतं. पण आई पहिलं वाक्य ऐकून देवाला हात जोडत होती आणि हात जुळलेले असले की बहुतेक कान बंद होत असावेत. घरी आली ती एवढंच घेऊन: डोक्यात काही नाही. यशवंतकाका, बाबांचे थोरले भाऊ, सोप्यावर बसलेच होते. "म्हणजे तकलेत कायच ना?" त्यांनी तीनदा विचारून खात्री केली. "मगे ह्यां कितां चल्लां आज दोन म्हयने? नाटक! आणि करीना कित्याक? कोणाची पोर ती! बापूस राती एकदां मरता, ही दिसाक दोनदां."

"भावोजी, उगी रावात," आई म्हणाली.

"उगी कसो रावूं? पेडण्यातल्यान मडगावांमेरेन लोक विचारतत. फेपरां म्हटल्यार लग्न जावचां ना, मनाचां म्हटल्यार त्याहून वायट. नाटक म्हटल्यार चार थापटां मारूं येतत, विषय सोंपलो. सगुणा, तूच सांग रे. तुज्यापरस हातूंतलां कोणाक कळतां?"

सगळे बाबांकडे बघू लागले. ती दाराआड उभी होती, आणि तिला आठवतं, तिच्या अंगातून आनंदाची एक लाट गेली होती. आता बाबा सांगतील! हनवटीचं सांगतील. बाबा उंडो चहात बुडवत होते. त्यांनी तो इतका वेळ बुडवून धरला की पाव मऊ पडून कपात तुटून पडला आणि चहा त्यांच्या पंच्यावर उडाला. ते बघत राहिले त्या कपात. मग उठले आणि पाठीमागे कप विसळायला गेले. काका हसले, "पळय, बापूसच उलयना." त्या दिवसापासून घरात कुणी झटक्याला उठून येईनासं झालं. ती पडायची, वळवळायची, उठायची, आणि चुलीवरचं कालवण तोवर हललेलंही नसायचं.

डॉक्टर ब्रागांझांनी तिला शिकवलं होतं, मुंग्या आल्या की पाय जमिनीत रोवायचे आणि खोलीतल्या पाच वस्तूंची नावं मोठ्याने घ्यायची. "तूं करिना तें. तुज्या आंगांत जाता. पूण तुका तें आडावंक शिकूं येता," असं त्या म्हणत, जाड काचांतून बघत, टेबलावरच्या डब्यातलं बिस्कीट तिच्यापुढे सरकवत. पहिल्या शुक्रवारी ती त्यांना फक्त वक्तृत्व स्पर्धेबद्दल बोलली. दुसऱ्या शुक्रवारी ताराबद्दल. तारा म्हणजे मांद्रेला जिच्या वडिलांचं गेस्टहाऊस आहे ती. जिच्या घरी फ्रेंच माणसं नाश्त्याला अननस खातात ती. जी सात वर्षं एकाच वर्गात असून विनोदिनीला ओळखत नव्हती आणि स्पर्धेच्या दुसऱ्या दिवशी स्वतःहून तिच्या बाकावर येऊन बसली ती. काय दिवस होते ते! विनोदिनी चालत नव्हती, उड्या मारत होती. तिला कळलं होतं की आपला आवाज मागच्या भिंतीपर्यंत पोचतो, आपण विनोद केला की मुली हसतात, आपल्याला मत असू शकतं. शिक्षकांच्या खोलीत ती न विचारता जायची. केस तिने वेगळ्या बाजूने विंचरायला सुरुवात केली होती. "आनी मागीर?" डॉक्टरांनी विचारलं. "मागीर कांयच ना," ती म्हणाली. "सगळां बरां चल्लेलां. आणि मगे पडलंय."

तिसऱ्या शुक्रवारी तिने सांगितलं. सांगताना तिला कळेना की ती इतकी बारीक गोष्ट आहे की इतकी मोठी. सकाळची वेळ, मधली सुट्टी नुकतीच झाली होती, त्या चौघी गेटपाशी चिंचेखाली उभ्या. विज्ञानाची जर्नल घरी राहिली होती. आणि उतारावरून ती स्कूटर आली, मागे ट्रंक बांधलेली. बाबा हळर्णचं रात्रभराचं नाटक आटपून घरी पोचले असणार, जर्नल बघितली असणार, आणि तोंडही नीट न धुता तसेच निघाले असणार. भुवया कोरलेल्या. डोळ्यांत हे एवढं काजळ. कानामागे सफेत्याचा पट्टा. हेल्मेट काढल्यावर केस मागे बांधलेले. "विनू, कोण गे तो?" तारा फसकन हसली. "डोळे पळय त्याचे! काजळ!" बाकीच्या दोघी एकमेकींच्या खांद्यावर कोसळल्या. आणि विनोदिनीच्या तोंडातून, अगदी सहज, मागच्या भिंतीपर्यंत पोचणाऱ्या त्याच आवाजात, बाहेर पडलं: "कोण जाणा. आमच्या वाड्यावयलो कोण तरी आसतलो."

बाबा पाच पावलांवर होते.

दशावतारात लिहिलेलं पुस्तक नसतं. संध्याकाळी कथा ठरते आणि बाकी सगळं उभ्या उभ्या. समोरच्याने वाक्य टाकलं की ते झेलायचं, ते चुकीचं असलं तरी झेलायचं, कारण खाली पडू दिलं तर दोघंही उघडे पडतात. बाबांनी झेललं. एक पाऊल, अर्धं पाऊल ते थांबले, आणि मग तिच्या डोळ्यांदेखत त्यांचे खांदे उतरले, पाठीला पोक आला, मान एका बाजूला कलली, आणि जो आवाज आला तो तिने कधीच ऐकला नव्हता. कुणाच्या तरी बागेत काम करणाऱ्या, दुसऱ्याच्या अंगणात चप्पल बाहेर काढणाऱ्या माणसाचा. "बाय, सगुणबाबांची चली तूच मगो? तुज्या बापायन ही वही दिल्या. घरा उरली खंय." तिने वही घेतली. "थँक्यू," ती म्हणाली. थँक्यू! बाबांनी कपाळाला हात लावला आणि वळले. वळणापर्यंत त्यांनी स्कूटर हाताने ढकलत नेली, तिथे गेल्यावर किक मारली. संध्याकाळी जेवताना ते म्हणाले, "वही मेळ्ळी मगो?" जणू खरंच कुणाच्या हाती धाडली होती. आवाज नेहमीचा. "मेळ्ळी," ती म्हणाली. आईने विचारलं, कसली वही, आणि बाबांनी मीठ मागितलं. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या वेळी डाव्या करंगळीत मुंग्या आल्या.

हे ऐकून डॉक्टर ब्रागांझा म्हणाल्या होत्या, "म्हाका सांगलें तें बरें केलें. पूण हें म्हाका सांगपाचें न्हय. बापायक घेवन ये." म्हणून आज बापूस आला होता, काल रात्रीच्या काजळाची कड डोळ्यांत ठेवून, आणि तिने तोंड उघडायच्या आत त्याने सांगून टाकलं होतं: नाटक करता ती. ते तिच्याकडे न बघता म्हणाले होते, आवाज न चढवता, आणि आत्ता या क्षणी, पंखा फिरत असताना, तिला कळलं, की हे काकांच्या भीतीने नव्हे. लग्नाबिग्नासाठी नव्हे. तिने तीन मुलींदेखत त्यांना ओळख दाखवली नव्हती, त्यांनी डॉक्टरांदेखत तिच्या पडण्याला ओळख दाखवली नाही. इतकं साधं. मोजून परत केलेलं. आणि मोठ्या माणसांना असं वागायची परवानगी असते का, असं तिला मोठ्याने विचारावंसं वाटलं, पण ती सही, तो कागद, ते बारा शुक्रवार.

"बाबा," ती म्हणाली. ठरवलेला श्वास, ठरवलेला सूर कुठल्या कुठे गेला. "त्या दिसा गेटार तारान विचारलां, तेन्ना मी तुमका वळख दाखयली ना. मी खोटां उलयलंय. माका लज दिसली तुमची."

शेवटचं वाक्य पाठ केलेल्यात नव्हतं.

बाबांनी नख उकरायचं थांबवलं. "खंयच्या दिसा?"

"तुमी जर्नल घेवन आयल्लात."

"मी?" त्यांनी डॉक्टरांकडे पाहिलं, किंचित हसले, पोर काय काय बोलते बघा तसे. "मी खंय गेल्लंय शाळेत? हळर्णच्या नाटकाक होतंय रातभर. सकाळी येवन न्हिदलंय. वही मी कोणाच्या तरी हातीन धाडल्ली." आणि मग तिच्याकडे वळून, खूप मऊ आवाजात: "तो कोण दुसरो आसतलो गे."

म्हणजे माफी मागायलाही जागा ठेवली नव्हती त्यांनी. तिने जी भूमिका दिली होती तीत ते आजही उभे होते, अडीच महिने, मेकअप न उतरवता. आणि ज्या माणसाचा तिने अपमान केला तो माणूसच जर तिथे आला नव्हता, तर तिने कुणाचे पाय धरायचे? करंगळी. पाय जमिनीत. "पंखा," ती म्हणाली. "कॅलेंडर. गज. चप्पल." पाचव्या वस्तूसाठी तिने डोळे वर केले तर समोर बाबांचं तोंड होतं आणि त्याला काय म्हणायचं ते तिला आठवेना. दार ओढलं गेलं. छत सरकलं. आपली हनवटी वर जाताना तिला कळली.

टाईल लागली नाही. डोक्याखाली काहीतरी होतं, हाडाचं, गरम, आणि त्या हाडाचं टाईलवर आपटणं तिने स्वतःच्या कवटीतून ऐकलं. डॉक्टर टेबलाच्या पलीकडे होत्या, त्यांना यायला तीन पावलं लागली. तो हात त्यांच्या आधी पोचला होता. खुर्चीच्या कडेवर बसलेल्या माणसाचा हात. उठायच्या बेताने बसलेल्या. तिचे पाय टेबलाच्या पायावर आदळत होते, मान हिसडत होती, आणि प्रत्येक हिसड्याला तो तळवा तिच्याबरोबर वर येत होता, खाली जात होता, आणि कान, तिचे ते निर्लज्ज कान, ऐकत होते. बाबा नुसता श्वास घेत होते, तोंडाने, विंगेत उभ्या असलेल्या माणसासारखा. "सोडात, सगुणबाब, हांव उशें घालतां," डॉक्टर म्हणाल्या. हात निघाला नाही.

चार मिनिटांनी ती उठून बसली. बाबांच्या उजव्या हाताची मधली दोन बोटं सोलवटून सुजायला लागली होती. डॉक्टरांनी कापूस आणि औषध पुढे केलं, ते त्यांनी नको म्हटलं. विनोदिनीला वाटलं, निदान डॉक्टरांनी तरी विचारावं, की नाटक असेल तर हा हात कशाला? पण त्या चष्मा पुसत होत्या. बाबांनी स्वतःहूनच कागद ओढून घेतला. सुजलेल्या बोटांत पेन धरून त्यांनी सही केली, मोठी, वळणदार, नाटकाच्या पावतीवर करतात तशी. त्याच्याखाली एक रकाना होता: रुग्णाशी नाते. पेन तिथे थांबलं.

खोलीचं दार झटक्याच्या गडबडीत उघडं राहिलं होतं. बाहेरच्या बाकावर सहा-सात माणसं, बाजारच्या पिशव्या मांडीवर घेतलेली, माना लांब करून आत बघत होती; त्यांत शाळेच्या गणवेशातल्या दोन मुलीही.

"बाय," बाबा म्हणाले. खांदे उतरलेले. मान एका बाजूला. गेटवरचा तो आवाज, तंतोतंत, एक सूर इकडे नाही की तिकडे नाही. "हांगा कितां बरंव?" इथे काय लिहू, असं तो आवाज तिला विचारत होता.

तर त्यांना सगळं आठवत होतं. शब्दन् शब्द, पाठीचा पोकसुद्धा. त्यांनी डोळे वर केले नव्हते; काजळाची कड तेवढी दिसत होती, ओली नव्हती.

"सांभाळून सांग," ते तशाच आवाजात म्हणाले. "भायर लोक आसत."

डाव्या करंगळीत मुंग्या होत्याच. त्या गेलेल्या नव्हत्या आणि बारा शुक्रवारांनी जातील की नाही कुणास ठाऊक. तिने दोन्ही पाय थंड टाईलवर दाबले, आणि मागच्या भिंतीपर्यंत, भिंतीपलीकडच्या बाजारापर्यंत पोचेल अशा आवाजात म्हणाली, "बापूस. माजो बापूस, बरयात."

बाकावरची माणसं दचकली. त्या दोघी मुली हसल्या, एकीने दुसरीला कोपर मारलं. बाबांनी त्यांच्याकडे पाहिलं नाही, तिच्याकडेही नाही. ते कागदावर वाकून, सुजलेल्या बोटांनी, एकेक अक्षर कोरत लिहीत होते, आणि पाठीचा पोक अजून उतरला नव्हता.